तामलवाडीत बर्फ पडणार नाही, पण आभाळ येऊ शकतं: हिवाळ्याचे व्हायरल अंदाज कसे वाचायचे?

ऑक्टोबर संपत आला की मोबाईलवर एक मेसेज हमखास येतो. यंदा रेकॉर्डब्रेक थंडी, ला नीना आली, स्वेटर काढून ठेवा आणि हा मेसेज सगळ्या शेतकरी बांधवांना पाठवा. सोबत बर्फाने झाकलेल्या रस्त्याचा एखादा व्हिडिओ असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'महाराष्ट्रातलं दृश्य'.

शहरात असा मेसेज वाचून आपण हसतो आणि पुढे जातो. गावात तसं होत नाही. सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडीचा टोलनाका लागतो. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे सुरतगाव, माळुंब्रा, सांगवी, काटी या गावांच्या शिवारात, नोव्हेंबर ते मार्च हा काळ ज्वारी, हरभरा, गहू आणि द्राक्षांचा. इथे हवामानाचा मेसेज वाचून फवारणीचं औषध आणलं जातं, पाणी द्यायचं की थांबायचं हे ठरतं, माल आठ दिवस आधी काढायचा का याची चर्चा होते. मेसेज चुकला तर नुकसान खऱ्या पैशांत होतं.

म्हणून आज हिवाळ्याच्या अंदाजांबद्दल बोलू. ला नीनामुळे खरंच कडाका वाढतो का? महाराष्ट्रात बर्फ का पडत नाही? आणि तामलवाडीसारख्या गावाने नेमका कोणता अंदाज बघायला हवा?

मागे काय झालं होतं?

आधी २०२४-२५ च्या हिवाळ्याची गोष्ट, कारण त्यात पुढचं सगळं आलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक हवामान संघटनेने सांगितलं की वर्षअखेरपर्यंत ला नीना तयार होण्याची शक्यता ६० टक्के आहे. लक्षात घ्या, ६० टक्के. म्हणजे न होण्याची शक्यताही लहान नव्हती. पण सोशल मीडियावर येईपर्यंत टक्केवारी गळून पडली आणि 'यंदा हाडं गोठवणारी थंडी' एवढंच उरलं.

त्यानंतर २ डिसेंबर २०२४ ला भारतीय हवामान विभागाने, म्हणजे आयएमडीने, हिवाळ्याचा अधिकृत अंदाज दिला. तो बरोबर उलटा होता. देशाच्या बहुतांश भागात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील, असं त्यात म्हटलं होतं. हा अंदाज फारसा कुणी फॉरवर्ड केला नाही. उबदार हिवाळ्याच्या बातमीला लाइक कोण देणार?

निकाल काय लागला? ला नीना आली, पण उशिरा. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने ती आल्याचं ९ जानेवारी २०२५ ला जाहीर केलं. ती कमकुवत होती आणि एप्रिलमध्ये संपल्याचंही त्याच संस्थेने सांगितलं. भारतात २०२५ चा जानेवारी हा १९०१ पासूनचा तिसरा सर्वात उष्ण जानेवारी ठरला. फेब्रुवारी तर १९०१ पासूनचा सर्वात उष्ण फेब्रुवारी होता.

याचा अर्थ थंडी पडलीच नाही का? पडली की. डिसेंबरच्या मध्यात राज्यात चांगला कडाका होता. पूर्ण हिवाळा उबदार असला तरी मधले आठ दिवस हुडहुडी भरवणारे असू शकतात. तीन महिन्यांची सरासरी ही एक गोष्ट आणि पुढच्या मंगळवारची पहाट ही वेगळी गोष्ट. व्हायरल मेसेज या दोन्ही एकत्र कालवतात आणि तिथेच गडबड होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'नोआ'ने पुन्हा ला नीनाची घोषणा केली आणि तेच मेसेज तारीख बदलून परत फिरले.

ला नीना म्हणजे नेमकं काय?

प्रशांत महासागराच्या मधल्या आणि पूर्व भागात, विषुववृत्ताजवळ, समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं. किमान अर्धा अंश थंड झालं आणि ते तसंच काही महिने राहील अशी चिन्हं असली, वातावरणानेही त्याला साथ दिली, की त्याला ला नीना म्हणतात. पाणी नेहमीपेक्षा गरम झालं तर तो एल निनो.

हा समुद्र आपल्यापासून हजारो किलोमीटर लांब आहे. पण तिथल्या पाण्यामुळे वाऱ्यांचे मोठे प्रवाह सरकतात आणि त्याचा परिणाम जगभर होतो. ला नीनाच्या वर्षांत उत्तर भारतात हिवाळा जरा जास्त थंड असण्याकडे कल असतो, हे खरं आहे. पण कल म्हणजे खात्री नव्हे. मोसंबीच्या झाडाला दर वर्षी फळं लागतात म्हणून अमुक फांदीला अमुक तारखेला किती लागतील हे कुणी सांगू शकत नाही, तसंच हे.

शिवाय ला नीना हा एकटाच खेळाडू नाही. हिमालयाकडून किती वेळा थंड हवा खाली येते, बंगालच्या उपसागरात कधी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, वारं कुठल्या बाजूने वाहतं, यावर आपली थंडी ठरते. आणि हळूहळू तापत चाललेलं जग या सगळ्याच्या मागे आहेच.

त्यामुळे 'ला नीना आली' या बातमीवरून तामलवाडीच्या द्राक्षबागेत काही ठरवायचं नसतं. ती बातमी ऐकून ठेवायची, बस.

गुलमर्गच्या रील्सचा आपल्याशी काय संबंध?

इथे एक गंमत आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण आपली थंडी बर्फाशी जोडलेली आहे.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे एकामागोमाग एक हवामान प्रणाली येतात. मराठी बातम्यांत त्यांना 'पश्चिमी चक्रवात' किंवा 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. त्या काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात पोहोचल्या की तिथे बर्फ पडतो. गुलमर्ग, मनालीच्या रील्स तेव्हा धडाधड येऊ लागतात.

ही प्रणाली पूर्वेकडे सरकली की तिच्या मागून उत्तरेची कोरडी, थंड हवा मैदानात उतरते. पंजाब, राजस्थान, मग मध्य प्रदेश, मग आपलं धुळे, जळगाव, नाशिक, आणि त्यानंतर मराठवाडा आणि सोलापूर. या प्रवासाला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे तिकडे बर्फ पडून गेला आणि इकडे वारं उत्तरेकडून वाहायला लागलं, की दोन-तीन दिवसांत आपल्याकडे पारा उतरण्याची शक्यता असते. हवामान तज्ज्ञ चार-पाच दिवस आधी थंडी वाढेल असं ठामपणे सांगू शकतात ते यामुळेच. ती हवा त्यांना नकाशावर येताना दिसत असते.

पण वारं पूर्वेकडून आलं, की खेळ बिघडतो. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी 'फेंगल' चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं. वादळ तिकडे, पण त्याची दमट हवा आणि ढग आपल्यापर्यंत आले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राज्यातली थंडी गायब झाली आणि काही भागांत पाऊसही झाला. ढग आले की ते रात्री गोधडीसारखं काम करतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते, ढग ती अडवतात आणि पहाट उबदार राहते. आभाळ निरभ्र असेल तर तीच उष्णता थेट निघून जाते आणि पहाटे गारठा जाणवतो.

मग महाराष्ट्रात बर्फ का पडत नाही?

उत्तर वरच्या परिच्छेदातच आहे. बर्फ पडायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, पाणी भरलेले ढग आणि जमिनीपर्यंत शून्याच्या आसपासची थंडी. आपल्याकडे या दोघांचं जमत नाही. आभाळ आलं की थंडी पळते. थंडी पडली की आभाळ कोरडं असतं.

दुसरं कारण उंचीचं. हवा जसजशी वर जाते तशी दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. हिवाळ्यातही महाराष्ट्रावर तापमान शून्याला पोहोचतं ते साधारण ४ किलोमीटर किंवा त्याहून जास्त उंचीवर. आपलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे पावणेदोन किलोमीटरही नाही. ढगात बर्फाचे कण तयार झाले तरी खाली येईपर्यंत त्यांचं पाणी होतं.

मग दर वर्षी जे फोटो येतात ते काय असतात? तीन गोष्टी असतात.

पहिली, गोठलेलं दव. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात, नंदुरबारच्या सातपुड्यात थंडीच्या दिवसांत गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. बातम्यांत त्याला 'हिमकण' म्हणतात. तो आकाशातून पडलेला नसतो, दव जागच्या जागी गोठलेलं असतं. हे फोटो खरे असतात, फक्त 'बर्फवृष्टी' हा शब्द चुकीचा असतो.

दुसरी, गारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं पांढरी झालेली दिसतात ती गारांनी. गारा उंच वाढलेल्या वादळी ढगात तयार होतात आणि जमिनीवर ३० अंश तापमान असलं तरी पडू शकतात. त्यांचा थंडीच्या लाटेशी संबंध नसतो.

तिसरी, दुसरीकडचे किंवा बनवलेले व्हिडिओ. काश्मीरचा व्हिडिओ 'आपल्या घाटातला' म्हणून फिरतो. आणि आता एआयने कुठल्याही एसटी स्टँडवर बर्फ पाडता येतो. अशा व्हिडिओत पाट्यांवरची अक्षरं, गाड्यांचे नंबर आणि माणसांचे हात नीट बघा. अजून सोपी चाचणी म्हणजे त्या दिवशीचं त्या गावाचं किमान तापमान शोधा. १४ अंश असेल तर विषय संपला.

'पारा ६ वर' म्हणजे कुणाचा पारा?

हा प्रश्न कमी लोक विचारतात. हवामान विभाग तापमान मोजतो ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, फटी असलेल्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापीने. त्या पेटीत ऊन थेट जात नाही, वारा मात्र खेळतो. जगभर हीच पद्धत आहे, म्हणून एका गावाची दुसऱ्याशी तुलना करता येते.

पण निरभ्र रात्री जमिनीलगतचं तापमान या पेटीतल्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमी असतं. खोलगट भागात, तळ्याच्या काठी, ओढ्याच्या बाजूला थंड हवा साचते. म्हणूनच महाबळेश्वरच्या वेधशाळेत पारा बराच वर असतानाही वेण्णा तलावाजवळ दव गोठतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

तसंच शहर आणि रानाचं. परभणीत कृषी विद्यापीठाच्या केंद्रावरचा आकडा आणि हवामान विभागाचा आकडा अनेकदा वेगळा असतो. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं जेऊर अनेकदा राज्यातल्या सर्वात थंड ठिकाणांच्या यादीत येतं, तर सोलापूर शहर त्याच दिवशी बरंच उबदार असतं. आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचं किंवा मोबाईल ॲपवरचं तापमान तर मोजलेलं असेलच असं नाही, ॲपवरचा आकडा बऱ्याचदा गणिताने काढलेला असतो.

'थंडीची लाट' या शब्दालाही ठरलेला अर्थ आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी हवं. फरक साडेसहा अंशांच्या जवळपास किंवा पुढे गेला की तीव्र लाट. किंवा मग पारा थेट ४ अंशांवर किंवा खाली यायला हवा. सोलापूरचं डिसेंबर-जानेवारीतलं किमान तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास असतं. तिथे पारा १२ वर आला तर आपण कुडकुडतो, शेकोटी पेटवतो, पण ती हवामानशास्त्राच्या भाषेत लाट नसते.

लाट खरंच आली तर काय होतं याची आठवण नाशिककरांना आहे. डिसेंबर २०१८ च्या शेवटी निफाडमध्ये पारा २ अंशांच्या खाली गेला होता. तिथल्या द्राक्ष उत्पादकांनी बागांत शेकोट्या पेटवल्या, पहाटे ठिबक चालू ठेवलं. तयार होत आलेल्या मण्यांना तडे जाण्याची भीती होती.

तामलवाडीला खरी भीती कशाची?

निफाड आणि तामलवाडी यांच्यात फरक आहे. सोलापूर-तुळजापूर पट्टा निफाडपेक्षा दक्षिणेला आहे आणि इथे पारा तितका खाली क्वचितच जातो. इथल्या रब्बीला थंडी मानवते. गव्हाला थंड रात्री लागतात, हरभरा थंडीत चांगला भरतो. शाळू ज्वारी तर थंडी आणि दवावरच येते असं जुनी माणसं सांगतात.

इथल्या शेताला थंडीपेक्षा जास्त नडतं ते आभाळ.

ज्वारीवर दोन-चार दिवस ढगाळ राहिलं की मावा वाढतो आणि चिकटा पडतो. हरभऱ्यावर घाटेअळीचा जोर होतो. तुळजापूर तालुका आणि शेजारच्या उत्तर सोलापूर भागात द्राक्षबागा आहेत. 'सोनाका' ही द्राक्षाची जात उत्तर सोलापूरच्या नान्नजमध्ये नानासाहेब काळे यांनी निवडून पुढे आणली, एवढी या पट्ट्याची द्राक्षाशी ओळख जुनी. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली की नोव्हेंबरमध्ये बाग फुलोऱ्यात येते. त्याच वेळी अवकाळी पाऊस झाला तर डावणी येते, घड कुजतात, मणी गळतात. मग रात्री-बेरात्री फवारणीचे ट्रॅक्टर चालतात.

थंडीचा त्रास अजिबात नाही असं नाही. पारा १० च्या खाली राहिला की मणी फुगायची गती मंदावते. दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा फरक वाढला की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, त्याला 'पिंक बेरी' म्हणतात. असा माल निर्यातीत मागे पडतो, म्हणून बागायतदार घडांना कागद गुंडाळतात. पण यावर उपाय करायला वेळ मिळतो. गारांसमोर काहीच चालत नाही.

२०१४ चं उदाहरण आठवा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातल्या बहुतांश जिल्ह्यांत गारपीट होत राहिली. मराठवाडा आणि सोलापूरच्या पट्ट्यात काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा आडवा झाला. द्राक्षाचे घड फुटले. तेव्हाचे शेतात गारांचा खच पडलेले फोटो आजही दर हिवाळ्यात 'महाराष्ट्रात बर्फ' म्हणून फिरताना दिसतात. ज्यांचं त्यात गेलं, त्यांच्यासाठी ते 'दृश्य' नव्हतं.

त्या गारपिटीमागेही पश्चिमेकडून आलेल्या प्रणालीच होत्या. त्या दक्षिणेपर्यंत पोहोचल्या, समुद्रावरची दमट हवा त्यांना मिळाली आणि वादळी ढग उभे राहिले. म्हणजे डिसेंबरमध्ये थंडी देणारी यंत्रणाच फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा देऊ शकते. आणि ला नीनाच्या हेडलाइनवरून यातलं काहीच कळत नाही.

अंदाज सांगणारे इतके का वाढले?

गेल्या काही वर्षांत मराठीत हवामान सांगणाऱ्यांची मोठी फळी तयार झाली आहे. परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख यांचे अंदाज यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवरून गावोगावी ऐकले जातात. हवामान विभागातून निवृत्त झालेले माणिकराव खुळे, कृषी हवामान तज्ज्ञ डॉ. रामचंद्र साबळे यांचे अंदाज वर्तमानपत्रांत येतात. पुण्याच्या हवामान विभागातले के. एस. होसाळीकर सोशल मीडियावरून उपग्रहाची छायाचित्रं आणि इशारे सोप्या भाषेत देत आले. याशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत हवामानाचे नकाशे स्वतः बघणारे हौशी लोक आहेत, ते वेगळेच.

लोक यांच्याकडे का जातात? कारण ते मराठीत बोलतात, तालुक्याची नावं घेतात आणि ठाम बोलतात. सरकारी अंदाज मात्र 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम' या भाषेत येतो. 'तुरळक'मध्ये माझं गाव आहे का, हे शेतकऱ्याला कळत नाही.

ही दरी भरण्यासाठी एक व्यवस्था होती. देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली होती. तिथले तज्ज्ञ तालुक्यापर्यंतचा अंदाज बघून पिकानुसार सल्ला तयार करायचे. २०२४ च्या सुरुवातीला ही केंद्रं बंद करण्याचा निर्णय झाला. आता धाराशिवसह मराठवाड्यासाठीचा सल्ला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो.

दुसरीकडे तंत्रज्ञान पुढे गेलं. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा पाच दिवसांचा अंदाज 'मेरी पंचायत' ॲप आणि 'ई-ग्रामस्वराज'वर मिळू लागला. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. ती देशाला ६ किलोमीटरच्या चौकटींत विभागून अंदाज काढते, आधी ही चौकट १२ किलोमीटरची होती. राज्यात 'महावेध' प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत आहेत. फळपीक विम्यात पाऊस आणि तापमानासाठी अशा केंद्रांवर नोंदलेला आकडाच धरला जातो.

म्हणजे आकडे गावाच्या जवळ आले आणि ते समजावून सांगणारा माणूस लांब गेला. ॲपवर गावाचं नाव दिसतं, पण 'उद्या आभाळ ७० टक्के' म्हणजे फवारू की थांबू, हे ॲप सांगत नाही. ती जागा रिकामी राहिली आणि यूट्यूब-व्हॉट्सॲपने ती भरली. त्यामुळे सगळा दोष फॉरवर्ड करणाऱ्यांना देऊन चालणार नाही.

अंदाज खरा ठरला हे कसं ठरवायचं?

'डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यात थंडी वाढेल.' हे वाक्य नीट वाचा. राज्य केवढं, आठवडा केवढा, वाढेल म्हणजे किती? डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात कुठेतरी थंडी वाढतेच. हा अंदाज चुकणं जवळजवळ अशक्य आहे, आणि जो अंदाज चुकूच शकत नाही तो कामाचाही नसतो.

कामाच्या अंदाजात चार गोष्टी असतात. ठिकाण, तारीख, आकडा आणि शक्यता. 'गुरुवार-शुक्रवार तुळजापूर तालुक्यात किमान तापमान १० ते १२ अंश, पावसाची शक्यता नाही', हे तपासता येतं.

आणि तपासायचं कसं? एक वही पुरते. गावातल्या ग्रुपने एका हिवाळ्यासाठी दोन-तीन स्रोत निवडावेत. रोज त्यांचा पुढच्या दिवसांचा अंदाज लिहावा आणि शेजारी जवळच्या केंद्राचा प्रत्यक्ष आकडा लिहावा. मग तीन रकाने करा. सांगितलं आणि झालं, सांगितलं पण झालं नाही, आणि सांगितलं नाही पण झालं. बहुतेक व्हायरल अंदाज पहिला रकानाच दाखवतात. 'माझा अंदाज पुन्हा खरा' असे स्क्रीनशॉट येतात, चुकलेले कुठे जातात?

अजून एक कसोटी लावा. 'उद्या आजच्यासारखंच राहील' असा अंदाज रोज दिला तरी हिवाळ्यात तो बऱ्याच दिवशी बरोबर येतो. एखादा स्रोत यापेक्षा चांगला ठरत असेल तरच त्याला काही कळतं असं समजायचं. ही कसोटी हवामान विभागालाही लावा. त्यांचेही अंदाज चुकतात. फरक इतकाच की ते तारखेसह लिहून ठेवलेले असतात.

किती दिवस आधीचा अंदाज धरायचा?

ढोबळ हिशोब असा. वीज आणि गारांचा धोका नेमका कुठे, हे काही तास आधीच कळतं. त्यासाठी हवामान विभागाचे दर तीन तासांचे इशारे आणि 'दामिनी' ॲप बघायचं. एक ते पाच दिवसांचा अंदाज शेतीच्या कामासाठी धरावा, त्यासाठी 'मेघदूत' ॲप आणि परभणीचा सल्ला आहे. दर गुरुवारी येणारा पुढच्या दोन ते चार आठवड्यांचा अंदाज फक्त कल सांगतो. आणि पूर्ण हिवाळ्याचा अंदाज देशाच्या मोठ्या भागाचं चित्र सांगतो, आपल्या बांधाचं नाही.

म्हणून कुणी १५ डिसेंबरलाच '२२ फेब्रुवारीला तुमच्या तालुक्यात गारा पडणार' असं सांगत असेल, तर तो आजच्या विज्ञानाला शक्य नसलेली गोष्ट सांगतोय.

मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढंच बघा. अंदाज कुणी दिला, कोणत्या तारखेला दिला, कोणत्या ठिकाणासाठी आणि किती दिवसांसाठी दिला. यातलं काहीच सापडत नसेल तर तो मेसेज आपल्या मोबाईलवरच राहू द्या. जुन्या गारपिटीचा फोटो बघून कुणी घाबरून कच्चा माल कमी भावात काढला, तर ते नुकसान भरून द्यायला मेसेज पाठवणारा येत नाही.

मार्गशीर्षात वेळा अमावास्या येते. धाराशिव, लातूर, सोलापूरच्या शिवारात त्या दिवशी कडब्याची कोपी उभी राहते, आंबिल आणि भज्जीचा बेत होतो, गाव रिकामं आणि रान भरलेलं असतं. शहरातून आलेली पोरं, बांधावर बसलेली आजोबा मंडळी, सगळे एका जागी असतात. हवामानाची वही सुरू करायला याहून चांगला दिवस नाही. पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख लिहा, पहाटेचं तापमान लिहा, वारं कुठून येतंय ते लिहा. आणि आभाळ आहे की नाही, हे आठवणीने लिहा.